पुण्यात नवीन आहे: आकाश, मोडी आणि नकाशे यांचे किडे कुठे भेटतात?

हिंगोलीकर_वाकडात
जूनच्या पहिल्या आठवड्यात हिंगोलीहून वाकडला आलोय. ऑफिस हिंजवडी फेज २ ला. मंगळवार ते गुरुवार जावं लागतं, सोमवार आणि शुक्रवार घरून. गाडी नाही. छंदापायी महिन्याला दीड हजारापर्यंत खर्च करू शकतो.

नाद तीन आहेत. पहिला आकाश (१०×५० ची द्विनेत्री, म्हणजे बायनॉक्युलर, जवळ आहे). दुसरा मोडी लिपी: बाराखडी येते, पण खरा कागद समोर आला की दुसऱ्या ओळीत गाडी अडते. तिसरा ओपनस्ट्रीटमॅपवर (कुणीही भरू शकेल असा इंटरनेटवरचा खुला नकाशा) नकाशे भरणं. ऑफिसात माणसं चांगली आहेत, पण यातलं काही काढलं की विषय क्रिकेटवर जातो.

'इव्हेंटच्या ॲपवर बघ' हे उत्तर कृपया नको. तिथे 'नेटवर्किंग' आणि गुंतवणुकीची सेमिनारं सोडून फारसं काही दिसत नाही. प्रत्यक्ष कुठे जायचं, कधी, आणि गेल्यावर काय करायचं, असं नेमकं सांगाल का?

मृगशीर्ष
आकाशाचं मी सांगते. तुम्ही नेमके आकाश मिटताना आलात. पुण्यात मृगापासून जवळजवळ दसऱ्यापर्यंत निरीक्षणाचा भरवसा नसतो. तरीही संस्थेत शिरायला हाच काळ उत्तम. हिवाळ्यात नवा माणूस रांगेत उभा राहतो, दुर्बिणीतून शनी बघतो, 'वा' म्हणतो आणि घरी जातो. दुर्बिणीमागचा माणूस त्याच वेळी पुढच्या चाळीस जणांच्या काळजीत असतो, तुमच्याशी बोलणार कधी? पावसाळ्यात व्याख्यानं असतात, उपकरणांची साफसफाई असते, पुढच्या हंगामाची आखणी असते. तेव्हा लोकांना बोलायला वेळ असतो.

ज्योतिर्विद्या परिसंस्थेपासून सुरुवात करा. टिळक रस्त्यावर टिळक स्मारक मंदिरात आहे. १९४४ साली स्थापन झाली, हौशी खगोलप्रेमींची देशातली सर्वांत जुनी संस्था. कार्यक्रमांच्या तारखा त्यांच्या संकेतस्थळावर बघा आणि जाहीर व्याख्यानाला पंधरा मिनिटं आधी पोचा. खुर्च्या लावणारा माणूस दिसला की तोच तुमचा माणूस. 'सदस्य कसं व्हायचं?' हा प्रश्न नंतर विचारला तरी चालतो, आधी 'दिवाळीनंतरच्या निरीक्षणाला सामान उचलायला कोणी लागेल का?' असं विचारा. आठ इंची डॉब्सोनियन दुर्बीण दोन भागांत जाते, नळी आणि बैठक, एकेक भाग साधारण दहा किलोचा. तो चढवणारा हात कुणालाच नको नसतो, आणि प्रवासात शेजारी बसून जेवढं शिकायला मिळतं तेवढं व्याख्यानात मिळत नाही.

दुर्बीण विकत घेऊ नका. निदान एक हिवाळा तरी नाहीच. १०×५० पुरेशी आहे, फक्त ती हातात थरथरते म्हणून लोक कंटाळतात. झाडूच्या लांब दांड्याचं टोक जमिनीवर टेकवा आणि द्विनेत्रीचा मधला भाग दांड्याच्या वरच्या टोकावर टेकवून धरा. तेवढ्यानेही गुरूचे चंद्र स्थिर दिसतात. वाकडच्या गच्चीवरून चंद्र, गुरू, कृत्तिका आणि मृगातला तेजोमेघ एवढं मिळेल. आकाशगंगेचा पट्टा तिथून दिसणार नाही, उगाच डोळ्यांना दोष देऊ नका.

निरीक्षणाला गेलात तर मोबाइलचा पडदा उघडायचा नाही. अंधाराला डोळे सरावायला वीस ते तीस मिनिटं लागतात आणि एका पांढऱ्या उजेडाने ती कमाई जाते, तुमचीच नाही, शेजारच्या दहा जणांचीही. टॉर्चवर लाल जिलेटिन कागद दोन-तीन पदरी, रबरबँडने. ज्याच्याकडे लाल टॉर्च असते त्याला लोक जवळ उभं करतात, हे अनुभवी डोळ्यांना लगेच कळतं.

२८ फेब्रुवारीला, राष्ट्रीय विज्ञान दिनाच्या सुमारास, विद्यापीठाच्या आवारातली आयुका ही खगोलशास्त्राची संस्था आणि नारायणगावजवळ खोडदची जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण सामान्य लोकांना बघता येते. खोडदला प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या आहेत, जरूर जा. पण तिथे गर्दी भेटते. ओळख व्हायची असेल तर पोस्टर शेवटच्या ओळीपर्यंत वाचणाऱ्याच्या शेजारी जाऊन उभं राहा.

बोरू_आणि_दौत
मोडीसाठी भारत इतिहास संशोधक मंडळ. सदाशिव पेठ, भरत नाट्य मंदिराजवळ. इतिहासाचार्य वि. का. राजवाड्यांच्या पुढाकाराने १९१० साली सुरू झालेलं. तिथे मोडीचे वर्ग होतात, पुढचा वर्ग कधी ते कार्यालयात प्रत्यक्ष विचारा. तुम्हाला बाराखडी येते, तरी प्राथमिक वर्गालाच बसा. वर्गात तुम्ही नवं अक्षर फारसं शिकणार नाही, पण वर्ग संपल्यावरही वाचत राहणारे तीन-चार जण तिथेच हेरता येतात.

दुसऱ्या ओळीत गाडी का अडते ते सांगतो. पुस्तकातली मोडी सुटी आणि नीट असते. जुन्या सरकारी-खाजगी कागदांतली मोडी आधी पानभर शिरोरेषा ओढून, मग हात शक्यतो न उचलता लिहिलेली असते. शब्दांमध्ये जागा नाही. ऱ्हस्व-दीर्घ इकार-उकाराचा भेद सहसा नाही. त्यातच 'राजश्री'चं 'रा', 'तीर्थरूप'चं 'ती', असे संक्षेप. त्यामुळे अक्षर ओळखून शब्द लावायला गेलात की अडणारच. उलट करायचं: पत्राचा मायना पाठ करायचा. सुरुवातीचा आणि शेवटचा ठरावीक मजकूर तोंडपाठ असला की त्या लेखकाच्या हाताचा 'क', 'ज', 'स' कसा आहे हे तिथेच कळतं, आणि मग मधला मजकूर सुटू लागतो.

कालगणना आधी शिका, कारण तारीख लागली की अर्धा संदर्भ लागतो. जुन्या मराठी कागदांतला सुहूर सन अरबी संख्याशब्दांत असतो आणि एककापासून सुरू होतो. 'खमस सबैन अलफ' म्हणजे पाच, सत्तर, हजार: १०७५. हे वर्ष मृगाला सुरू होतं. मृगापासून डिसेंबरअखेरपर्यंतची तारीख असेल तर ५९९ मिळवा, जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंतची असेल तर ६००. म्हणजे इथे १६७४-७५. नवशिके सरसकट ६०० मिळवतात आणि एका वर्षाने चुकतात.

वाचनगट काढायचा तर पाच जणांच्या वर नको. कागद एकच, सगळ्यांकडे त्याचीच प्रत. पहिली वीस मिनिटं कुणी बोलायचं नाही, प्रत्येकाने वेगळं देवनागरी लिप्यंतर करायचं. मग ओळ-ओळ मोठ्याने वाचून जुळवायचं. जिथे जुळत नाही तिथे कंसात प्रश्नचिन्ह, आणि ते शब्द एका शंकावहीत. पहिले सहा कागद असे घ्या ज्यांचं वाचन छापलेलं आहे, म्हणजे शेवटी पडताळता येतं. हे न केल्यास काय होतं? गटातल्या सर्वांत ठाम माणसाचं वाचन बरोबर ठरतं. तो चुकत असला तरी.

तीन_वेळा
वरचं सगळं बरोबर, पण दोघांनीही माणूस वाकडला राहतो हे विचारात घेतलेलं नाही. वाकडहून संध्याकाळी सहाला निघून साडेसहाच्या व्याख्यानाला टिळक रस्त्यावर पोचणं म्हणजे स्वप्न. मंगळवार ते गुरुवार पेठेतलं काही ठरवूच नका. सोमवार किंवा शुक्रवार, घरून काम असलेला दिवस, आणि निघायचं साडेचारला. बसने किंवा रिक्षाने कासारवाडी नाहीतर दापोडी मेट्रो गाठा, तिथून स्वारगेटकडे जाणारी गाडी, मंडईला उतरा. तिथून दोन्ही ठिकाणं चालत साधारण पंधरा-वीस मिनिटं. परतीची शेवटची मेट्रो किती वाजता ते निघण्याआधी बघा. व्याख्यान वेळेत संपतं, नंतरच्या गप्पा संपत नाहीत, आणि खरा कार्यक्रम तोच असतो.

दुसरं. तीन नाद एकदम घेऊन फिरू नका. एक निवडा आणि त्याच ठिकाणी लागोपाठ तीन वेळा जा. पहिल्या खेपेला कुणी तुमचं नाव लक्षात ठेवत नाही. त्यात तुटकपणा नाही, दर वेळी दहा नवे येतात आणि नऊ परत दिसत नाहीत, म्हणून जुनी माणसं सावध झालेली असतात. दुसऱ्या खेपेला मान हलते. तिसऱ्या खेपेला कुणीतरी चहाला चला म्हणतं. लोक दुसऱ्या खेपेनंतर 'पुणेरी माणसं अशीच' म्हणून सोडून देतात, म्हणजे अगदी दारात येऊन मागे फिरतात.

व्हॉट्सॲप ग्रुपात शिरणं म्हणजे मंडळात शिरणं नव्हे. अडीचशे जणांचा ग्रुप, त्यात शुभ सकाळ. तिथून तारीख तेवढी उचला आणि आवाज बंद करून ठेवा.

लाल_टॉर्च
रात्रीच्या निरीक्षणाबद्दल एक जोड. हे वाचणाऱ्या मुलींसाठी आधी, पण हिंगोलीकर, तुम्ही पुढे काही सुरू केलंत तर तुमच्यासाठीही. पहिल्यांदा रात्रीच्या मुक्कामी कार्यक्रमाला जाऊ नये, आधी दिवसाच्या दोन कार्यक्रमांत आयोजकांना बघून घ्यावं. नाव नोंदवण्याआधी विचारायचं: प्रमुख कोण आणि त्यांचा नंबर काय, गाडी कुठली, जागेवर स्वच्छतागृह आहे का, आणखी किती जणी येणार, ढग आले तर रात्री दोनला परत आणणार की पहाटेपर्यंत तिथेच. या प्रश्नांना जो आयोजक वैतागतो त्याच्याबरोबर जायचं नाही. चांगल्या संस्था हे सगळं सूचनेतच लिहितात, विचारायची वेळ येत नाही.

पायवाट_भरणारा
नकाशांसाठी पुण्यात कुठलं कार्यालय शोधत बसू नका. किडा माग सोडतो, त्या मागावर जा.

ओपनस्ट्रीटमॅपच्या संकेतस्थळावर वाकड-हिंजवडीचा भाग मोठा करा आणि वरचं 'हिस्टरी' दाबा. त्या चौकटीत अलीकडे कुणी काय बदललं ते सगळं उघडं दिसतं. चार-पाच नावं पुन्हा पुन्हा येतील. त्यातली कंपन्यांसाठी पगारावर रस्ते भरणारी खाती वेगळी काढा (प्रोफाइलवर तसं लिहिलेलं असतं). उरलेली तुमच्या गल्लीतली वेडी माणसं. त्यांच्या बदलाखाली नेमकी टिप्पणी लिहा: 'तुम्ही मुळेकाठची पायवाट भरलीत, तिचं पुढचं टोक आता कुंपणाने बंद आहे, दुरुस्त करू का?' उत्तर येतं. 'हाय, मलाही मॅपिंग आवडतं' याला सहसा येत नाही. टिप्पणी जगाला दिसते, म्हणून फोन नंबर तिथे नको. भेटीचं बोलणं आतल्या संदेशपेटीत, आणि पहिली भेट सकाळी, उघड्या जागी.

हीच युक्ती इतरत्र चालते. मराठी विकिपीडिया १ मे २००३ पासून आहे, प्रत्येक लेखाचा इतिहास उघडा असतो आणि चर्चेला 'चावडी' आहे. पक्ष्यांचं वेड असलेल्यांनी ईबर्डवर पाषाण तलावाची यादी उघडावी, तिथे नियमित नोंद करणाऱ्यांची नावं सापडतात. पावसाळ्यात आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळावर वेताळ टेकडीचे कोळी आणि रानफुलं टाकणारे तर दिवसाआड दिसतात.

दोन-तीन जण मिळाले की रविवारी सकाळी ७ ते ८:३० नकाशाफेरी. अंतर दीड किलोमीटर, त्याहून जास्त नाही. जोडीने चाला, एक बघतो, एक भरतो. अँड्रॉइडवर स्ट्रीटकम्प्लीट हे ॲप पुरेसं आहे, ते रस्त्यावर उभं करून प्रश्न विचारतं: पदपथ आहे का, थांब्याला छप्पर आहे का. दुकानाची पाटी मराठीत असेल तर मराठी नावाचा रकाना वेगळा असतो, तोही भरा, बहुतेक जण रिकामा सोडतात. मग चहा आणि तासभर बसून राहिलेलं भरणं. हा तास वगळू नका. घरी जाऊन भरू म्हणणारा भरत नाही, आणि ओळख होते ती याच तासात.

काय बिघडतं: गूगल मॅप बघून नावं उतरवली जातात. परवान्यात ते बसत नाही, सगळं काढून टाकावं लागतं. उंच इमारतींमध्ये फोनचं जीपीएस सहज दहा-पंधरा मीटर सरकतं, त्याच्या भरवशावर दुसऱ्याने काढलेला रस्ता हलवू नका. सोसायटीच्या फाटकाचे फोटो काढलेत तर वॉचमन येणार आणि त्याचं बरोबर असणार. रस्त्यावरून दिसतं तेवढंच टिपा.

बझर_आधी
प्रश्नमंजूषेचं कुणी लिहिलं नाही म्हणून दोन ओळी. सीओईपीचा (पुण्याचं जुनं इंजिनिअरिंग कॉलेज) बोट क्लब क्विझ क्लब बघा. खुल्या क्विझला एकटं गेलं तरी चालतं, लवकर पोचून 'मी एकटा आहे' एवढं मोठ्याने म्हणायचं, अर्धवट संघ तुम्हाला ओढून घेतो. तीन तास एकाच कागदावर डोकी घालून बसलं की वेगळी ओळख करून द्यावी लागत नाही. उत्तर चुकीचं वाटलं तरी संघाला सांगा, गप्प बसणाऱ्याला पुढच्या वेळी कुणी बोलावत नाही.

चुनाभट्टी_लोकल
पुढे मागे मुंबईला बदली झाली तर: चुनाभट्टीचं मराठी विज्ञान परिषदेचं विज्ञान भवन (परिषद १९६६ ची), आणि आकाशासाठी खगोल मंडळ, त्यांचे रात्रभराचे कार्यक्रम वांगणीला होतात. तिथे गाडीशिवाय जमतं, लोकल आहे. पुणेकरांचा हाच एक तोटा. 😀

हिंगोलीकर_वाकडात
सगळ्यांचे आभार. ठरवलं: पावसाळाभर सोमवार-शुक्रवारपैकी जो जुळेल तो धरून परिसंस्थेत लागोपाठ तीन खेपा, आणि वाकडमध्ये नकाशाफेरी. हिस्टरी उघडून बघितली, खरंच तीन नावं परत परत येतायत, एक तर माझ्याच रस्त्यावरची दुकानं भरतोय! मोडी सध्या घरीच, मायन्यांपासून.

फेरी नियमित करायची तर किती माणसं लागतात? बसायचं कुठे? पैसे कसे?

खजिनदार_सदाशिव
माणसं दोन. तुम्ही आणि दुसरा असा, की तुम्ही तापाने पडलात तरी तो जाऊन उभा राहील. बहुतेक मंडळं विषय संपून मरत नाहीत, एकट्या आयोजकाची बदली होते आणि मरतात. ग्रुपचा ॲडमिन, कागदपत्रांचा पासवर्ड, चहावाल्याशी ओळख, सगळं पहिल्या दिवसापासून दोघांकडे.

वार कायमचा ठरवा आणि मत मागू नका. 'कुणाला कधी जमेल?' असं विचारलं की प्रत्येक वेळी वेगळाच गट जमतो आणि कुणीच कुणाला दुसऱ्यांदा भेटत नाही. 'महिन्याचा दुसरा शनिवार' किंवा 'पहिला रविवार' असं ठेवा. दुसऱ्या शनिवारी बँकवाल्यांनाही सुट्टी असते. एकटेच आलात तरी दीड तास थांबा आणि फेरी झाली असं लिहा. रद्द केलेली एक फेरी पुढच्या दोन फेऱ्या खाते. गणपतीत मात्र पेठेत काही ठेवू नका, वाकडमध्येही विसर्जनाचा दिवस टाळा. दिवाळीचा महिना सरळ सुट्टी जाहीर करा, म्हणजे तो बंद पडल्यासारखा दिसत नाही.

बारा जण 'येतो' म्हणाले की चार-पाच धरा. आठाच्या वर गेले तर दोन फेऱ्या करा, कारण आठव्या माणसानंतर मागचे चौघे स्वतंत्र गप्पा मारत चालतात.

बसायला उडप्याचं हॉटेल, पण वेळ सांभाळून. रविवारी साडेआठ-नऊ ही त्याच्या धंद्याची वेळ, पाच जणांनी चार चहांवर तासभर टेबल अडवलं तर दुसऱ्या वेळी तो पंखा बंद करतो. नाश्ता मागवा, नाहीतर फेरीच दुपारी चार ते साडेपाच ठेवा, तेव्हा टेबलं रिकामी असतात. सोसायटीचं क्लबहाउस फुकट मिळतं, फक्त रहिवासी सभासदाच्या नावावर घ्यावं लागतं आणि पाहुण्यांची यादी फाटकावर द्यावी लागते. नेहमीचे वीस जण होईपर्यंत सभागृह भाड्याने घेऊ नका. भाडं आलं की वर्गणी येते, वर्गणी आली की हिशेब, आणि मग भांडायला विषय मिळतो. पहिले सहा महिने ज्याचा चहा त्याने भरायचा. अगदीच छपाई वगैरे लागली तर खर्च त्याच दिवशी ग्रुपवर टाकून तिथेच भागायचा, शिल्लक ठेवायची नाही.

हिंगोलीकर_वाकडात
सूचना अशी लिहिलीय, बघा:
'वाकड नकाशाफेरी. दर महिन्याचा पहिला रविवार, सकाळी ७. आपापल्या रस्त्यावरची दुकानं, थांबे आणि पायवाटा खुल्या नकाशावर भरू. अंतर दीड किलोमीटर. अनुभव नसला तरी चालेल. फोन चार्ज करून आणा. शुल्क नाही.'

लाल_टॉर्च
बरी आहे, पण कुठे जमायचं ते नाही. 'वाकड' एवढ्यावर कुणी घरातून निघत नाही, थांब्याचं नाव आणि कुठल्या बाजूला उभं राहणार ते लिहा. तुमचं नाव आणि दुसऱ्या माणसाचं नाव, दोन्ही हवीत. पाऊस असेल तर काय, तेही.

खजिनदार_सदाशिव
आणि संपायची वेळ. सुरुवात सगळेच लिहितात. साडेआठला सुटणार हे दिसलं तर घरी सांगून येता येतं. चहाचा तास त्याच्यापुढे वेगळा लिहा, 'थांबायचं असेल तर'.